घुबूला काय हवंय

चिमटाताईंना हे नाव मुलांनी दिलं, आणि ते इतकं चिकटलं की केंद्राच्या दारावरचा पहारेकरीसुद्धा "चिमटाताई आल्या" असंच म्हणायचा. त्यांच्या एप्रनच्या काठाला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे ओळीने लावलेले असत. कारण साधं होतं. ज्या मुलांच्या बोटांत जोर नसतो त्यांना पेन्सिल धरायला शिकवण्याआधी चिमटा दाबायला शिकवावं लागतं, आणि टेबलावर ठेवलेला चिमटा दाबायला कुठलंच मूल राजी नसतं. पण ताईंच्या अंगावरचा चिमटा पळवायचा म्हटलं की ज्याला चमचा धरता येत नाही तोही बोटं आवळतो. दुपारपर्यंत एप्रन रिकामा व्हायचा, आणि मग ताई "कोण रे चोर, कोण रे चोर" असा दंगा करत सगळ्यांच्या खिशांतून चिमटे गोळा करत फिरायच्या.

हे काम त्या शिकल्या चाळिशी उलटल्यावर. त्याआधीची सगळी वर्षं एका कापडाच्या दुकानात गेली होती. दुकानात त्यांचा दरारा होता, आणि तोही न बोलता. बाकीच्या विक्रेत्या घसा कोरडा पडेपर्यंत कापडाचे गुण गायच्या. ताई दोन तागे उलगडून समोर ठेवायच्या आणि जो खपवायचाय त्याच्याकडे जरा कौतुकाने बघायच्या, बस्स. गिऱ्हाइकाचा हात बरोबर त्याच ताग्यावर जायचा, आणि घरी जाताना ते खूश असायचं की आपण काय झकास निवड केली! मालक म्हणायचा, "ही बाई तोंड उघडत नाही आणि माल शिल्लक ठेवत नाही." पुढे मालक थकला, मुलांनी दुकान विकून टाकलं. शेजारणीने सांगितलं, मुलांच्या केंद्रात मदतनीस हवी आहे. ताई चार दिवस बघू म्हणून गेल्या आणि तिथल्याच झाल्या. मुख्य बाईंनी त्यांना वर्षभराच्या प्रशिक्षणाला बसवलं, तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांची अशी काही पाचावर धारण बसली की नवऱ्याला हसू आवरेना. पास झाल्या. चांगल्या पास झाल्या.

केंद्र होतं एका जुन्या टपाल कचेरीच्या इमारतीत. तिकिटं विकायच्या खिडक्या अजून तशाच होत्या आणि त्यांच्यामागे आता खेळणी, पाटी-पेन्सिली आणि जाड गोधड्या ठेवलेल्या असत. इथे एकाचं माप दुसऱ्याला लागत नसे. एका मुलाच्या खुर्चीच्या पुढच्या पायांना जाड रबरी पट्टा बांधलेला, कारण पायांना ढकलायला काही मिळालं की त्याचं लक्ष जागेवर राहायचं. एक मुलगी टेबलाखाली बसूनच अक्षरं गिरवायची, मग तिची बाईही टेबलाखाली. एकाला घंटेचा आवाज सोसत नसे, म्हणून घंटा व्हायच्या आधी कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून यायचं. प्रत्येक मुलाचा आराखडा वेगळा, आणि तो मधूनमधून सगळ्यांनी बसून तपासायचा असा नियम. बाहेरचे पाहुणे विचारायचे, "तुमची शिकवायची पद्धत कोणती?" मुख्य बाईंच्या नाकावर राग असायचाच. त्या म्हणायच्या, "मुलं जितकी, तितक्या."

ताईंच्या वाट्याला आली घुबू. आठ वर्षांची, शांत, जाड गोल चष्म्याची. तो चष्मा बघूनच आईने लाडाने घुबू म्हणायला सुरुवात केली होती. दूरच्या शहरात राहणाऱ्या मावशीला हे नाव मुळीच पटत नसे. "पोटच्या पोरीला कुणी घुबड म्हणतं का गं?" असं ती फोनवर ओरडायची. घुबूचे वडील केव्हाच वेगळे झाले होते. आई पार्सलं पोचवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात काम करायची, दिवसभर खोकी उचलून संध्याकाळी लेकीला न्यायला यायची, आणि तरी दारातून आत येताना तिचा चेहरा हसरा असायचा. ताईंना ती त्यासाठीच आवडे.

घुबू बोलत नव्हती. खूश झाली की "म्म" म्हणायची, नाखूश झाली की तेच "म्म" जरा वरच्या पट्टीत. आधीच्या ठिकाणाहून तिच्याबरोबर जो कागद आला होता त्यात लिहिलं होतं, मुलगी कुणाच्या नजरेला नजर देत नाही. बोलणं शिकवणारी तरुण बाई होती, तिला सगळे स्पीचताई म्हणत. तिने सुचवलं, की बोलता येत नसेल तर बोट दाखवून सांगू दे. म्हणून ताईंनी रात्र-दिवस खपून चित्रांची कार्डं काढली. पेला, चेंडू, झोका, केळं, पुस्तक, पांघरूण. दोन कार्डं समोर ठेवायची आणि विचारायचं, "घुबू, काय हवंय?"

कितीतरी महिने काहीच झालं नाही. घुबू कार्डांवरून हात फिरवायची, एखादं चाटून बघायची, आणि खिडकीबाहेर बघत राहायची. ताईंनी चिकाटी सोडली नाही. आणि मग एका सकाळी घुबू तहानलेली आहे हे ताईंना दिसत होतं, समोर पेला आणि चेंडू होता, आणि घुबूने आपलं बोट बरोबर पेल्यावर ठेवलं. ताई पाणी आणायला धावल्या ते अर्धं पाणी वाटेतच सांडलं.

त्यानंतर गाडी सुसाट सुटली. घुबू केळं मागायची, झोका मागायची, दमली की पांघरूण मागायची. कुठलाही प्रश्न विचारा, बोट बरोबर पडायचं. मुख्य बाई पाहुण्यांना घेऊन घुबूच्याच टेबलापाशी यायच्या. ताईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि का चढू नये? रंगांची कार्डं आली तेव्हा घुबूने निळा निवडला. पुन्हा पुन्हा निळाच. आईने निळा फ्रॉक घेतला, निळं दप्तर घेतलं, आणि एका सुट्टीच्या दिवशी स्वतः शिडीवर चढून घुबूच्या पलंगामागची भिंत निळी रंगवली. "पोरीला आवडतं ते कळलं तरी!" असं ती ताईंना सांगत होती आणि तिच्या नखांत अजून रंग होता.

याच सुमाराला मावशीचा निरोप आला. तिच्या शहरात मोठं केंद्र होतं, पूर्ण दिवसाची शाळा, पाण्यातले व्यायाम, सगळं. तिथे एक जागा रिकामी होणार होती. मावशीचा वरचा मजला रिकामाच होता. "या दोघी इकडे, एकटीने किती ओढशील?" असं ती म्हणत होती. आईला रात्री झोप लागेना. इथली नोकरी, इथलं घर, इथल्या ताई, आणि तिकडे सगळं नवं. तिला वाटलं, आपण कोण ठरवणार? आता पोरगी सांगते ना. एके दिवशी ती दोन फोटो घेऊन आली. एक इथल्या घराचा, एक मावशीच्या घराचा, जिथे घुबू दोनदा राहून आली होती.

"ताई, तुम्हीच विचारा तिला," आई म्हणाली. "ती म्हणेल तसं करू."

ताईंनी फोटो टेबलावर ठेवले. "घुबू, कुठे राहायचंय?" असं त्यांनी विचारलं. घुबूने थोडा वेळ घेतला. मग बोट ठेवलं इथल्या घरावर. आईने तिला उचलून छातीशी धरलं, ताईंनी एप्रनने डोळे पुसले, आणि त्याच संध्याकाळी आईने बहिणीला नाही म्हणून कळवलं. बहीण चिडली, म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत ती जागा मी धरून ठेवायला सांगते, तुझं डोकं ताळ्यावर आलं तर कळव."

ताईंना त्या दिवशी घरी जाताना इतकं हलकं वाटत होतं की त्या दोन थांबे आधीच उतरून चालत गेल्या.

मग ताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू होता, बरेच दिवस कानाडोळा केला होता, शेवटी जिना उतरताना पाय चुकला तेव्हा नवरा धरून घेऊन गेला. आठवडाभर सक्तीची विश्रांती, नंतरही काळा चष्मा काढायचा नाही असं बजावलेलं. नवरा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा, थट्टेखोर माणूस. पहिल्या दिवशी केंद्रापाशी सोडताना म्हणाला, "जा सरकार, सह्या मागायला गर्दी झाली तर मला हाक मारा."

घुबू टेबलापाशी बसली होती. ताईंना बघून "म्म" म्हणाली, खालच्या पट्टीतलं. ताईंचा जीव सुखावला. त्यांनी केळं आणि चेंडू अशी कार्डं मांडली. खाऊची वेळ होती, घुबूला भूक लागलेली होती. घुबूने मान वर करून काळ्या काचांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बोट ठेवलं चेंडूवर. चेंडू दिला तर तिने तो खाली टाकला. पेला की पुस्तक? पुस्तक. पुस्तक दिलं तर ढकललं. झोका की पांघरूण? बोट दोन कार्डांच्या मधे, टेबलाच्या फळीवर.

"रुसलीय," ताई म्हणाल्या. "एवढे दिवस सोडून गेले म्हणून रुसलीय माझी बाई." आणि त्यांना त्या रुसव्याचंही कौतुक वाटलं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं हे कुणाला आवडत नाही?

दुपारी चहाचा पेला तोंडाशी नेताना चष्म्याच्या काचा वाफेने धुरकट झाल्या. ताईंनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसत पुसतच, सवयीने, विचारलं, "घुबू, पाणी हवंय की पुस्तक?" घुबूचं बोट झटकन पेल्याच्या कार्डावर पडलं.

ताईंनी चष्मा घातला. कार्डांची जागा बदलली. पुन्हा विचारलं. बोट पुस्तकावर. चष्मा काढला. बोट पाण्यावर. मग ताईंनी एक भलतीच गोष्ट केली. उघड्या डोळ्यांनी, मुद्दाम, त्या पुस्तकाच्या कार्डाकडे बघत राहिल्या. घुबूने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि बोट पुस्तकावर ठेवलं. तहानलेली पोर. तिचे ओठ सुकलेले ताईंना दिसत होते.

म्हणजे ताई अजून गिऱ्हाइकाला तागा विकत होत्या. इतके महिने, रोज, त्या घुबूला तागाच विकत होत्या, आणि त्यांना स्वतःला पत्ता नव्हता. भूक लागली असेल असं त्यांना वाटलं की नजर केळ्यावर जायची. निळा रंग त्यांचा आवडता होता. आणि ते दोन फोटो मांडले तेव्हा त्यांच्या मनात एकच गोष्ट होती, की ही पोर इथून जाऊ नये.

त्यांनी घुबूला आधी पोटभर पाणी पाजलं. मग तोंड धुवायला गेल्या आणि डोळ्याला पाणी लावायचं नाही हे आठवून तशाच उभ्या राहिल्या.

संध्याकाळी नवरा व्हॅन धूत होता. ताई पायरीवर बसून सगळं बोलल्या. त्याने नळ बंद केला.

"कुणाला कळलंय का हे?"

"कुणालाच नाही."

"मग गप्प बस की. चष्मा निघाला की आपोआप पुन्हा सुरळीत होईल. पोरगी इथेच राहील, तिची आई खूश, तू खूश."

खरं सांगायचं तर ताईंनीही दिवसभर हाच विचार केला होता. चष्मा थोड्याच दिवसांत निघणार होता. नवऱ्याने हात पुसले, घरातून औषध आणलं, त्यांची हनुवटी वर केली आणि डोळ्यात थेंब घातले. थेंब घालताना त्याचा हात फार हलका असायचा.

"तू गप्प बसायची नाहीस," तो म्हणाला. "उगाच विचारलं."

दुसऱ्या दिवशी ताईंनी आधी स्पीचताईला सांगितलं. त्यांना वाटलं होतं, ती रागावेल, निदान तोंड तरी वाकडं करेल. ती पांढरीफटक पडली. "मीपण होते ना तिथे," ती म्हणाली. "दर आठवड्याला बसत होते. मी कार्डांकडे बघत होते आणि ती तुमच्याकडे बघत होती." दोघी जुन्या तिकिटाच्या खिडकीपाशी उभ्या राहून घुबूकडे बघत राहिल्या. ती गोधडीच्या टोकाची दोरी ओढत बसली होती. थोड्या वेळाने स्पीचताई हळूच म्हणाली, "ताई, नजरेला नजर देत नाही असं लिहून आलेली मुलगी आहे ही. हिने तुमचे डोळे पाठ केलेत."

त्यावर मात्र ताईंना रडू आवरलं नाही. डॉक्टरांनी रडायचं नाही असं काही सांगितलेलं नव्हतं.

आईला सांगायचं जिवावर आलं होतं. तरी त्या संध्याकाळी ताईंनी तिला बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पाणी, केळं, निळा रंग, फोटो. काही लपवलं नाही, स्वतःची बाजू मांडली नाही.

आई ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "मी भिंत रंगवली हो!"

"माहितीय मला."

"शिडीवरून पडता पडता वाचले मी!" आणि ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे माझी पोरगी मला काहीच बोलली नव्हती. एवढ्या दिवसांत एकदाही नाही."

ताईंकडे उत्तर होतं, डोळे पाठ केल्याचं. पण ते आत्ता सांगणं म्हणजे स्वतःची सुटका करून घेणं झालं असतं. त्यांनी तोंडात मूग धरले. आई उठली, घुबूचं निळं दप्तर खांद्याला अडकवलं आणि निरोप न घेता निघून गेली.

नंतरचे काही दिवस घुबू आली नाही. ताई एप्रनला चिमटे लावत होत्या, मुलं पळवत होती, पण "कोण रे चोर" म्हणायचा उत्साह नव्हता. मुख्य बाईंनी बोलावून ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "आराखड्यावर माझीही सही आहे." नोकरीवर गदा आली नाही. त्याने ताईंना बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

मग एका सकाळी आई घुबूला घेऊन दारात उभी. डोळ्यांखाली काळं झालेलं.

"आम्ही जातोय," ती म्हणाली. "मावशीकडे. महिनाअखेरीला. घुबूला विचारून नाही, मी ठरवलंय." मग थांबून म्हणाली, "खूप राग आला होता तुमचा. मग कळलं, निम्मा माझाच आहे. मला ठरवायचं नव्हतं, ताई. भीती वाटत होती. म्हणून आठ वर्षांच्या पोरीच्या गळ्यात बांधलं मी ते."

घुबू ताईंच्या एप्रनपाशी येऊन एक चिमटा ओढत होती. हिला आता फार थोडे दिवस बघायचं, हे त्यांना कळत होतं.

"बरोबर केलंत," त्या म्हणाल्या, आणि ते त्यांना मनापासून वाटत होतं, हेच जास्त दुखत होतं.

"पण एक करा," आई म्हणाली. "जायच्या आधी मला शिकवा. तिला विचारायचं कसं, ते. तिकडे तुम्ही नसणार."

म्हणून उरलेल्या दिवसांचा घुबूचा आराखडा नवा झाला, आणि त्यात या वेळी शिकायचं होतं मोठ्यांनी. स्पीचताई म्हणाली, चित्रं नकोत, खऱ्या वस्तू ठेवू. ज्यांची नजर फितूर आहे त्यांनी बघायचंच नाही. ताईंनी खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायचं, कारण त्या समोर असल्या की घुबू दुसरीकडे बघतच नसे. आईने वस्तू ठेवायच्या, विचारायचं, आणि मग वर छताकडे बघायचं. पहिल्याच दिवशी आई छताकडे बघू लागली तर घुबूही छताकडे बघू लागली. बराच वेळ मायलेकी पंखा बघत बसल्या. स्पीचताईने दारातून हे पाहिलं आणि तिला तिथून पळ काढावा लागला, हसू ऐकू जाऊ नये म्हणून.

पण पुढचे दिवस हसण्यासारखे नव्हते. घुबूच्या हातातला दोरच कुणीतरी काढून घेतला होता. ती आईच्या चेहऱ्याकडे बघायची, तिथे उत्तर नाही. कोपऱ्यातल्या ताईंकडे बघायची, तिथे नुसती पाठ. मग ती रडायची, वरच्या पट्टीत, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या ताई आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरायच्या. एकदा वळून बघितलं की रडं थांबेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नुसतं एकदा. आई म्हणायची, "ताई, आज पुरे का?" आणि ताई भिंतीला सांगायच्या, "थोडं अजून. रागवू दे तिला. तेही तिचंच आहे."

एकदा आईने विचारलं, "आणि तिच्या मनात काही नसेलच तर? नुसतं आमचंच बघून करत असेल सगळं, कायम?"

आता ताईंनी ते राखून ठेवलेलं सांगितलं. "तुमच्या मुलीने माझ्या मनातलं ओळखलं, रोज. मला स्वतःला कळलं नव्हतं ते ओळखलं. एवढं ज्याला दुसऱ्याचं कळतं त्याच्या मनात काही नाही, असं मी तरी मानणार नाही." दुसऱ्या दिवशी आई वेळेच्या आधी आली.

शेवटचा दिवस उजाडला. सामान बांधून झालं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी होती. आई बाजारातून तशीच धापा टाकत आली, शेवटच्या जेवणापुरती भाजी घेऊन. पिशवी भिंतीला टेकवून ठेवली. ताई कोपऱ्यात बसल्या, तोंड भिंतीकडे. काळा चष्मा आदल्याच दिवशी निघाला होता आणि भिंतीवरच्या जुन्या रंगाचा प्रत्येक पोपडा त्यांना लख्ख दिसत होता.

मागे आईने वस्तू ठेवल्याचा आवाज आला. "घुबू, चेंडू आहे, आणि पेला आहे. काय हवंय?" मग शांतता. आई छताकडे बघत असणार. ताई वाट बघत राहिल्या. रडं सुरू होईल म्हणून त्यांनी मन घट्ट केलं. रडं आलं नाही. खुर्ची सरकली. पावलं वाजली, लहान, न घाबरता टाकलेली. ती ताईंकडे आली नाहीत. आईकडेही गेली नाहीत. मग काहीतरी खसखसलं.

"ताई," आईचा आवाज कसातरीच झाला होता.

"काय झालं? काय घेतलं तिने?"

"ताई, ती उठून गेली हो. टेबलावरचं काहीच घेतलं नाही. माझ्या पिशवीपाशी गेली."

"अहो, काय घेतलं ते सांगा ना!"

"कांदा!"

"काय?"

"कांदा घेतलाय. आणि परत येऊन बसलीय. त्याची सालं काढतेय, कानाशी धरून चुरडतेय. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीये." आई हसत होती की रडत होती ते पाठमोऱ्या ताईंना कळायला मार्ग नव्हता. "कांदा, ताई! मी रोज चिरते तो. कधी मनातसुद्धा आलं नव्हतं माझ्या."

ताईंच्याही मनात आलं नव्हतं. एवढी कार्डं काढली होती त्यांनी, रंगवली होती, कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या, आणि त्यांत कांदा नव्हता.

"म्म," घुबू म्हणाली. खालच्या पट्टीतलं, लांबलचक.

"आता काय करू?" आईने विचारलं.

"काही नाही. कांदा मागितलाय ना, घेऊ द्या."

"तुम्ही वळा ना ताई. बघा तरी तिला, उद्या जातोय आम्ही."

ताईंनी खुर्चीचा हात धरला. मानेची शीर ताठ झाली होती. मागे एक साल चुरचुरली, मग दुसरी. कुणाला विचारून नाही, कुणासाठी नाही.

"तिचं होऊ दे आधी," त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून ऐकत बसल्या.